पुसलेली ओळ

मित्रांनो, दचकू नका. मी फळा आहे खरा, पण माझ्यावर कधी कुणी त्रैराशिक मांडलं नाही आणि माझ्यासमोर कधी कुणाला अंगठे धरून उभं केलं नाही. शाळेची पायरी मी जन्मात एकदाच चढलो आणि आल्या पावली परत फिरलो. ज्या सुताराने मला घडवलं तो हाताचा मोठा कसबी होता, पण त्याची नजर अधू होत चालली होती. त्याने चार फळ्या रंधून गुळगुळीत केल्या, खाचेत खाच बसवली, सांध्यांत सरस भरला आणि काळ्या रंगाचे तीन हात दिले. एका फळीत गाठ राहून गेली, ती काही त्याला दिसली नाही. हेडमास्तरांनी खडू ओढून पाहिला, खडू गाठीवर अडखळला, आणि "परत न्या" एवढंच म्हणून ते वर्गात निघून गेले. त्यानंतर सहा महिने मी सुताराच्या दुकानात भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

तिथून मला सोडवलं ते तारमास्तरांनी. तार ऑफिसातून निवृत्त झालेले, उंच, किडकिडीत गृहस्थ. पस्तीस वर्षं त्यांनी कट्ट-कडकट्ट करत लोकांच्या आनंदाच्या आणि मरणाच्या तारा घेतल्या आणि पाठवल्या. नोकरी संपली. बायको त्याआधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. जगात काय चाललंय हे सगळ्यांच्या आधी कळायची सवय लागलेला माणूस, त्याला घरात बसून चैन पडेना. मग त्यांनी गल्लीच्या वळणावरच्या शिंप्याला गळ घातली, त्याच्या दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर दोन खुंट्या ठोकल्या आणि मला टांगलं. सकाळी सहाच्या बातम्या रेडिओवर ऐकायच्या आणि सातच्या आत माझ्यावर लिहायच्या, असा त्यांचा नेम सुरू झाला.

तारेची सवय हाडीमांसी खिळलेली, त्यामुळे मास्तरांचं लिहिणं अगदी आखूड असायचं. 'पूल कोसळला. बारा दगावले. मदत निघाली.' झाली बातमी. शिंपी चिडवायचा, "मास्तर, तुम्ही लग्नाची मागणी घातलीत तीसुद्धा दहा शब्दांत बसवली असेल!"

"आठ," मास्तर खडू न थांबवता म्हणायचे. "दोन वाचवले."

माझ्या अंगावर मास्तरांनी एक आडवी रेघ मारली होती. रेघेच्या वर जग आणि रेघेखाली गल्ली. खालची पट्टी चांगली वीतभर उंच होती आणि तिथे कुणीही यावं, खडू उचलावा आणि लिहावं. 'शिडी हवी आहे.' 'पिवळी मांजर दिसल्यास कळवा.' 'वरच्या मजल्यावरच्या आजोबांना दवाखान्यात न्यायचं आहे, एक माणूस पाहिजे.' या पट्टीचा नियम एकच होता आणि तो कुणी केला हे कुणालाच आठवत नव्हतं. जो ते काम अंगावर घेईल त्याने ती ओळ पुसायची आणि निघायचं. ओळ पुसलेली दिसली की बाकीच्यांनी समजायचं, कुणीतरी गेलं. त्यामुळे एका कामाला सात जण धावले आणि दुसऱ्याला कुणीच नाही, असं आमच्याकडे होत नसे.

माझ्या बरोबर समोर, बारा पावलांवर, नर्सबाईंची खिडकी होती. दवाखान्यातून निवृत्त होऊन त्या एकट्याच राहत. अंगाने ठेंगण्या, आवाजाने खणखणीत. अर्ध्या गल्लीची नाळ त्यांनी कापली होती, आणि हे त्या कुणाला विसरू देत नसत. मिशी फुटलेल्या पोराने रस्त्यात उद्धटपणा केला तर भर गल्लीत म्हणायच्या, "तुला पालथा धरून रडवलाय मी, माझ्याशी नीट बोल!" रोज सकाळी दूध आणायला निघाल्या की माझ्यासमोर थांबायच्या.

"काय मास्तर, जग आहे ना जागेवर?"

"आहे. जरा कललंय."

"मग टेकू लावा की! का तोही मीच लावू?" असं म्हणून त्या पुढे जायच्या, आणि मास्तर पाठमोरे असूनही हसलेले मला दिसायचे.

ते माझे सुखाचे दिवस होते. हळूहळू माझं नाव झालं. शेजारच्या गल्लीतले लोक कामावर जाताना वाट वाकडी करून माझ्यापाशी येऊ लागले. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं, आणि त्यांची बातमी कधी खोटी निघाली नाही. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय ते आकडा लिहीत नसत. लोक म्हणायचे, "फळ्यावर आलंय म्हणजे खरंच असणार." खरं सांगतो, मित्रांनो, मी फुगलो. माझ्यासमोर वीस-पंचवीस माणसं माना वर करून उभी राहिली की मला वाटायचं, आपण म्हणजे जगाची खिडकीच आहोत. मास्तरही फुगले. जगात घडायचंही फार काही. मग ती रेघ एक बोट खाली सरकली, पुढच्या वर्षी आणखी एक बोट. वीतभर पट्टी चार बोटांवर आली. शिडी मागणाऱ्यांना अक्षर बारीक काढावं लागायचं. मला त्याचं काही वाटलं नाही. शिडी आणि मांजर वाचायला कोण लांबून येतंय, असं मी मनात म्हणायचो. आज ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

मग ती खाण कोसळली. कुठल्या तरी दूरच्या देशात, ज्याचं नाव मास्तरांना दोनदा ऐकून लिहावं लागलं अशा गावी, एकतीस कामगार जमिनीच्या पोटात अडकले. पहिल्या दिवशी मास्तरांनी नेहमीसारखी एक ओळ लिहिली. तिसऱ्या दिवशी आतून ठोकल्याचा आवाज आला, म्हणजे माणसं जिवंत आहेत, असं कळलं, आणि आमच्या गल्लीने त्या एकतीस जणांना पोटच्या पोरांसारखं धरलं. मास्तर दिवसातून चार वेळा रेडिओ ऐकून येऊ लागले. त्यांनी माझ्यावर विहिरीसारखं भोक काढलं, खोली लिहिली, यंत्र कुठवर पोचलं तिथे खूण केली. सायकल दुरुस्तीवाला दुकान उघडं टाकून यायचा. शिंप्याची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, पदराने डोळे टिपायची. नर्सबाई तर रोज विचारायच्या, "त्यांना पाणी तरी पोचतंय का हो?" त्यांना दोन दिवस बारीक ताप होता. तरी त्या विचारायला यायच्याच.

सातव्या दिवशी पहाटे, अजून रस्त्यावर कुणी नव्हतं, तेव्हा नर्सबाई बाहेर आल्या. अंगावर शाल होती. बारा पावलं चालायला त्यांना फार वेळ लागला. दोनदा त्या भिंतीला हात लावून थांबल्या. खडू घेतला आणि खालच्या पट्टीत, त्यांच्या त्या तिरप्या अक्षरांत लिहिलं : 'ताप उतरत नाही. कोणी येऊन जावं. घाई नाही.' मग वर खाणीचं चित्र निरखून पाहिलं आणि परत गेल्या. थोड्या वेळाने त्या खिडकीशी खुर्ची ओढून बसलेल्या मला दिसल्या.

त्यानंतर सायकलवाला पाण्याची कळशी घेऊन गेला, त्याने ती ओळ वाचली. वहिनी दार उघडायला आल्या, त्यांनीही वाचली. मग मास्तर आले, जवळजवळ धावतच आले. त्यांच्या हातात कागद होता आणि डोळे कागदावर होते. यंत्र आतपर्यंत पोचलं होतं, नळीतून आवाज आला होता, सगळे एकतीस जिवंत होते. एवढं लिहायला वरची जागा पुरेना. मास्तरांनी डाव्या हाताने कागद डोळ्यांसमोर धरला आणि उजव्या हाताने फडकं घेऊन खालची पट्टी डावीकडून उजवीकडे एका झटक्यात साफ केली.

त्यांनी ती ओळ वाचली नाही. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मी फळा, माझ्यावर जे कुणी लिहील तेवढंच मी बोलणार.

आणि मित्रांनो, नर्सबाईंनी ते पाहिलं. मला माहीत आहे, कारण त्या माझ्याकडेच बघत होत्या. ओळ पुसली गेलेली पाहून त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. त्यांनी खिडकीचा पडदा सारखा केला, केसांवरून हात फिरवला, कुणी येणार असलं की आपण करतो तसं. मग माझ्यासमोर माणसं जमली आणि मला त्यांची खिडकी दिसेनाशी झाली. दोन दिवस ती गर्दी हटली नाही. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे होती आणि सगळ्यांच्या पाठी त्या खिडकीकडे होत्या.

नवव्या दिवशी सकाळी एकतिसावा माणूस वर आला. गल्लीत टाळ्या वाजल्या, अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मास्तरांनी आनंदाच्या भरात 'सुखरूप' हा शब्द दोनदा लिहिला. तेवढ्यात शिंपी म्हणाला, "अरे, नर्सबाईंना सांगितलं का कुणी? त्या कशा आल्या नाहीत?"

त्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. येणाऱ्याला कडी वाजवायला नको म्हणून त्यांनी ते उघडं ठेवलं होतं. त्या खिडकीजवळच्या खुर्चीतच होत्या. समोर दुसरी खुर्ची मांडून ठेवली होती. हे सगळं मला नंतर लोकांच्या बोलण्यातून कळलं. डॉक्टर आले आणि म्हणाले, आदल्या संध्याकाळीच गेल्या असाव्यात. कुणीतरी विचारलं, आधी नेलं असतं तर? डॉक्टरांनी नुसती बॅग बंद केली.

संध्याकाळी सगळे माझ्यासमोर उभे होते, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. वहिनी रडत होत्या. "मी वाचलं होतं हो. म्हटलं, हातातलं काम उरकून जाते. बाहेर आले तर पुसलेलं. मला वाटलं, कुणीतरी गेलं."

"मीही वाचलं होतं," सायकलवाला हळूच म्हणाला. "पुसलेलं बघून उलट बरं वाटलं मला."

"पण मग पुसलं कुणी?" शिंप्याने विचारलं.

मास्तर माझ्याकडे पाठ करून उभे होते. त्यांच्या उजव्या बाहीला खडूची पांढरी धूळ होती, रोजच असायची. त्यांनी ती झटकायला हात उचलला आणि तसाच थांबवला.

"मी," ते म्हणाले. "मी पुसलं. काय लिहिलंय ते बघितलंसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी रेडिओ चादरीत गुंडाळून ट्रंकेत टाकला आणि माझ्यावरची रेघ ओल्या फडक्याने घासून काढली. "आजपासून जगाची बातमी बंद," असं त्यांनी शिंप्याला सांगितलं.

शिंपी कात्री खाली ठेवून म्हणाला, "मास्तर, त्यात बातमीचा काय गुन्हा? खालचं पुसा आणि आमचं लिहा, असं त्या खाणीतल्या माणसांनी थोडंच सांगितलं होतं?"

"बारा पावलं आहेत रे. मोजली मी आज. आणि मी दोन हजार मैलांवरच्या खाणीची खोली लिहीत बसलो होतो. चुकू नये म्हणून दोनदा खात्री करून!"

"मग आता काय, डोळे मिटून बसणार?"

"गल्लीपुरते उघडे ठेवीन. तेवढं साधलं तरी पुष्कळ झालं."

त्यांनी ते साधलंही, अगदी हट्टाने साधलं. रोज सकाळी ते पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत चालत जायचे आणि मग माझ्यावर लिहायचे : कोण आजारी, कोण बाळंत, कुणाचं दार आज उशिरा उघडलं. लोकांना आधी भरून आलं, मग कंटाळा आला. सायकलवाला वैतागून म्हणाला, "मास्तर, मला साधी उचकी लागली तरी ती फळ्यावर येते. बायको माहेराहून पत्र लिहून विचारते!" लांबचे वाचक येईनासे झाले. दुकानात कुणी वर्तमानपत्र उघडलं तर मास्तर उठून जायचे. जग बुडालं तरी मला सांगू नका, म्हणायचे. माझंही मन तेव्हा त्यांच्याच बाजूने होतं. त्या दूरच्या खाणीचा मला राग होता. तिने आमची नर्सबाई नेली असं मला वाटायचं. रागाला कुठेतरी टांगायला खुंटी लागते आणि जवळच्या माणसाला टांगवत नाही.

असं वर्ष गेलं. मग एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी कपड्यांना इस्त्री करणारी बाई मास्तरांना शोधत आली. तिचा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी होता. तिने त्याला आईच्या मागे वाढवलेला. वादळात ते जहाज बेपत्ता झालं होतं, हे तिला कुणाकडून तरी कळलं होतं.

"मास्तर, रेडिओ लावा," ती म्हणाली. "प्रत्येक जण मला वेगळं सांगतो. कुणी म्हणतं सापडलं, कुणी म्हणतं बुडालं. तुम्ही सांगाल ते खरं मानीन."

"बाई, मी ते सोडलंय. तुला ठाऊक आहे का सोडलं ते. मी आता फक्त आपल्या गल्लीचं बघतो."

इस्त्री करून करून तिच्या बोटांची टोकं कडक झाली होती. ती टोकं एकमेकांवर घासत ती म्हणाली, "मास्तर, माझी अर्धी गल्ली त्या जहाजावर आहे."

मास्तर तडक वळले. ते घरी गेले आणि ट्रंकेतून रेडिओ काढून शिंप्याच्या दुकानात घेऊन आले. तीन दिवस ते त्याला कान लावून बसले. माझ्यावर पुन्हा रेघ आली, पण या वेळी बरोबर मधोमध. वर एवढंच असायचं : 'जहाजाचा शोध सुरू.' खाली वहिनींनी लिहिलं, 'इस्त्रीवालीच्या मुलीला शाळेतून आणायचं आहे.' सायकलवाल्याने ते मोठ्याने वाचलं, पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी निघालो." नुसतं पुसून जायला आता कुणी धजत नव्हतं. शिंपी दुपारी जाऊन तिचे कपडे इस्त्री करायचा आणि तिच्यापेक्षा वाईट करायचा.

चौथ्या दिवशी सकाळी रेडिओवर बुडालेल्यांची नावं वाचली गेली. दुकानात मास्तर आणि शिंपी दोघेच होते. आठवं नाव ऐकल्यावर शिंप्याने मशीनवरचा पाय काढला. मास्तरांनी सवयीने कागदावर लिहून घेतलं, पुन्हा अर्ध्या तासाने वाचलेली नावंही ऐकली, खात्री केली. मग ते बाहेर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी खडू उचलला. माझ्यासमोर पाच-सहा माणसं उभी होती, सगळी वर बघत होती.

त्यांनी खडू परत ठेवला आणि ते गल्लीच्या तोंडाकडे चालू लागले.

ती इस्त्रीत निखारे भरत होती. मास्तरांना येताना पाहून तिने चिमटा खाली ठेवला. "काय लिहिलंत?" तिने तिथूनच विचारलं.

"काही लिहिलं नाही, पोरी," मास्तर म्हणाले. "मीच आलोय."

ती तिथेच खाली बसली. मास्तर सत्तरीचे, गुडघ्याने अधू, पण तेही तिच्याशेजारी जमिनीवर बसले. दुपार उलटली तरी ते उठले नाहीत. त्या दिवशी माझी वरची बाजू दिवसभर मोकळी होती, आणि माझ्याकडे बघायला आलेले लोक एकेक करून तिकडे निघून गेले.

मास्तरांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. मी शिंप्याच्या दुकानात मागच्या भिंतीला टेकून उभा आहे. शिंप्याचा मुलगा माझ्यावर कापडाचे तागे रेलून ठेवतो. माझा रंग उडाला आहे, एक फळी फुगली आहे. मला पुन्हा बाहेर टांगा, असं माझं मागणं नाही. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आता माझ्याहून चकचकीत फळा असतो आणि त्यावर सगळ्या जगाचं दुःख क्षणाक्षणाला उमटतं. ते बघू नका, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? त्यातलं प्रत्येक दुःख कुणाच्या तरी घरचं असतं. पण मित्रांनो, बघून झालं की उठा. ते ज्याच्या घरचं आहे तो तुमच्या आसपास राहत असेल तर त्याच्या दारापर्यंत चालत जा. कुणीतरी गेलं असेल, असं समजू नका. आणि जाऊन त्याच्याजवळ बसल्यामुळे त्या दिवशी लिहायचं काही राहून गेलं, तर राहू दे. मी फळा असून सांगतो, फळा कोरा राहिला तरी चालतो.